अरबी बोलीचा एक जुना पुरावा

जुन्या अरबी कागदांत व्याकरणविरुद्ध रूप आढळलें कीं, तो लेखकाचा प्रमाद समजून तें शुद्ध करण्याकडे संग्राहकांचा कल असतो. पाणिनीच्या वळणांत वाढलेल्या आम्हांस तर हा मोह अनावरच. परंतु दमास्कसच्या एका चर्मपत्रामुळें ह्या संवयीचा फेरविचार करणें प्राप्त आहे.

अभिजात अरबींत नामाची विभक्ति बहुधा अंत्य स्वरावरून कळते: 'अल्-बैतु' म्हणजे घर, 'अल्-बैत' घरास, 'अल्-बैति' घराचें. परंतु हे ऱ्हस्व स्वर अरबी लिपींत सामान्यतः लिहीत नाहींत. तिन्ही रूपें एकाच अक्षरांनीं लिहिलीं जातात. तेव्हां लिहिणारा ते स्वर उच्चारीत होता कीं नाहीं, हें लेखावरून ठरत नाहीं.

इ. स. १९०० च्या सुमारास ब्रूनो फिओलेट ह्या जर्मन पंडितास उमय्या मशिदीच्या आवारांतील कोठींत उपर्युक्त चर्मपत्र सांपडलें. १९०१ मध्यें त्यानें तें प्रसिद्ध केलें. त्यावर बायबलांतील अठ्ठ्याहत्तरावें स्तोत्र असून एका रकान्यांत ग्रीक पाठ व दुसऱ्यांत त्याचें अरबी भाषांतर आहे. हें भाषांतरही ग्रीक अक्षरांतच लिहिलें आहे. ग्रीक लिपींत स्वर लिहावेच लागतात. त्यामुळें लेखकाचा उच्चार उघड होतो. ओढे ह्या अर्थीं अभिजात 'अल्-अव्दियतु'. येथें शेवट नुसता 'अव्दिये' असा. 'ते विश्वास ठेवितात' ह्या अर्थीं 'युअ्मिनू' मधील कंठ्य हम्झा जाऊन 'यूमिनू' झालें आहे. हिजाझकडील लोक हम्झा गाळीत, असें अरब वैयाकरणांनींही नमूद केलें आहे. आणि कुराणाच्या मूळ अक्षरलेखनांतही ह्या जागीं 'वाव'च आहे.

हें पान कोणी आठव्या, कोणी नवव्या शतकांतलें मानितात. व्याकरणकार सीबवैह सुमारें ७९६ त वारला. म्हणजे शास्त्र सिद्ध होत होतें त्याच सुमारास विभक्तिस्वर नसलेली अरबीही नांदत होती. १९२० नंतर शंभर वर्षांनीं, २०२० मध्यें, अहमद अल्-जल्लाद ह्यांनीं ह्या पानाचा संबंध जुन्या हिजाझी बोलीशीं जोडिला. प्राकृत ही संस्कृताचा केवळ अपभ्रंश नव्हे. तद्वतच ही बोलीही अभिजात अरबीची नुसती विकृति मानतां येत नाहीं.

आपल्या मोडी दप्तरांतही 'तअल्लुका' कानीं पडला तसा 'तालुका' लिहिला गेला. म्हणून विनंति इतकीच कीं, मूळ पाठ जसाच्या तसा छापावा व शुद्ध रूप टीपेंत द्यावें. आपण पुसलेली अशुद्धि हाच कदाचित् त्या बोलीचा एकमेव साक्षी असेल.