देवांचा वाडा

देव पाषाणाचा असला की त्याला गाभारा आणि समई पुरते. देव हाडामांसाचा असला की त्याला स्वयंपाकघर लागतं, बसायला ओसरी लागते, हिशेबाला कारकून लागतात आणि एके दिवशी समाधीला जागाही लागते. चिंचवडला पवनेच्या काठी हे सगळं उभं राहिलं. आज कारखान्यांचं शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात पिढ्यान् पिढ्या एका घराण्याचा कर्ता पुरुष हाच प्रत्यक्ष गणपती मानला जात होता. पुण्याहून, दूरदूरच्या मुलखातून लोक त्याच्या दर्शनाला येत.

घराण्याचे मूळपुरुष मोरया गोसावी. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, कथा मात्र पक्की आहे. चिंचवडहून मोरगावच्या गणपतीची वारी त्यांनी कधी चुकवली नाही. म्हातारपणी पाय थकले, तेव्हा गणपतीने दृष्टान्त दिला की आता मीच तुझ्याकडे येतो. कऱ्हा नदीच्या पाण्यात स्नान करताना त्यांच्या ओंजळीत तांदळा, म्हणजे गणपतीचा अनघड पाषाण, आला. तो घेऊन ते चिंचवडला परतले, आणि तो जिथे बसवला तो मंगलमूर्ती वाडा. सोबत वर मिळाला : सात पिढ्या मी तुझ्या वंशात राहीन. तुकोबांनी मोरयांच्या मुलाला, चिंतामणींना, देव म्हणून हाक मारली आणि घराण्याचं आडनाव देव झालं, असंही सांगतात.

मार्गशीर्ष वद्य षष्ठीला मोरयांनी संजीवन समाधी घेतली. तिच्यावरचं मंदिर पुढे झालं. साधं, ठेंगणं, भक्कम. त्याच्यावरचा मराठी शिलालेख कवित्व करत नाही. शके १५८०, विलंबी संवत्सर, कार्तिक शुद्ध द्वादशीला काम सुरू. पुढच्या विकारी संवत्सरात आषाढ शुद्ध चतुर्थीला, सोमवारी, काम पुरं. इतकंच. इसवी सनाच्या हिशेबाने हे १६५८-५९ साल. काम संपल्यावर पाचेक महिन्यांतच प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला. मुलूख असा पेटलेला असताना नदीकाठी कोणी तरी चिरे घडवत होतं आणि तिथी-वार जपून कोरत होतं, याचं मोल मोठं आहे.

पण देवांचं खरं बळ दगडात नव्हतं, अन्नात होतं. येईल त्याला जेवू घालायचं म्हणजे धान्य हवं, आणि त्यासाठी इनामं आणि सनदा. औरंगजेबानेही आठ गावं दिली, अशी परंपरा आहे. कोकणातल्या रयतेकडून स्वस्त भावाने तांदूळ-मीठ घेण्याची सवलत देवांना पूर्वीपासून होती. शिवाजी महाराजांनी ती बंद केली, कारण भुर्दंड रयतेला बसत होता. देवस्थानाला लागणारा जिन्नस सरकारी कोठीतून देण्याची व्यवस्था त्यांनी केली. देवाचा मान राहिला आणि कुणब्याची पाटीही रिकामी झाली नाही. राज्यकर्त्याने देवस्थानाशी कसं वागावं याचा याहून चांगला दाखला शोधून सापडायचा नाही.

पेशवाईत देवांचा बोलबाला आणखी वाढला. १८०० साली कॅप्टन एडवर्ड मूर चिंचवडला येऊन गेला. वंशपरंपरेने चालत आलेल्या जिवंत देवाचा त्याने लिहिलेला वृत्तांत कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडात छापला गेला. त्याच्यानंतर, १८०९ मध्ये, मारिया ग्रॅहम ही इंग्रज बाई आली, आणि तिने जे टिपलं ते वाचताना आजही जीव कळवळतो.

वाडा तिला अवाढव्य आणि बेढब वाटला. चौकात माणसं सारवणासाठी शेण कालवत होती, खिडक्या-खिडक्यांतून धष्टपुष्ट ब्राह्मण डोकावत होते. साध्याशा ओसरीवर, बुटक्या लाकडी बैठकीवर देव बसला होता. तो होता एक लहान मुलगा. इतर पोरांहून वेगळं काही असेल तर डोळ्यांतली बावरलेली, भ्रमिष्ट झाक. रोज अफू चारतात म्हणून ती आहे, असं तिला सांगण्यात आलं. त्याला दुसऱ्या मुलांबरोबर खेळायची मुभा नव्हती. संस्कृतखेरीज दुसरी भाषा बोलायचीही नाही, म्हणजे ब्राह्मणांवाचून कोणाशी बोलणंच नको. मुलाने पाहुण्यांची अदबीने विचारपूस केली, हिंगाचा वास लागलेले बदाम आणि खडीसाखर स्वतःच्या हाताने दिली आणि मूठभर रुपये घेतले.

ग्रॅहमबाईंची नजर परक्याची होती आणि ब्राह्मणांवर तिचा रोष होता, हे धरून चाललं तरी ओसरीवरचा तो पोर खोटा ठरत नाही. इतक्या मोठ्या वाड्यात त्याच्यासाठी खेळायला जागा नव्हती.

तिथून ती नदीकडे गेली आणि तिचा सूर निवळला. आधीच्या देवांच्या समाध्या म्हणजे छोटी छोटी देवळं, फरसबंद आवारं, झाडं, पाण्यात उतरणाऱ्या देखण्या पायऱ्या. बायका मूर्तींवर दूध-पाणी घालत होत्या, मुलं फुलं वाहत होती, कुठे वेदपठण चाललं होतं. जिवंत देवाच्या क्षेत्राची हीच तऱ्हा : दर पिढीला एक देव जातो आणि एक देऊळ वाढतं.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरनुसार १८१० मध्ये त्या वेळचे देव निपुत्रिक वारले. सात पिढ्यांच्या वराची मुदत संपली. इनामं बुडू नयेत म्हणून दूरच्या नात्यातल्या एकाला गादीवर बसवण्यात आलं, पण जिवंत देवाचं पर्व तिथे सरलं.

वास्तू मात्र चालत्या-बोलत्या राहिल्या. मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक या अष्टविनायकांपैकी तीन स्थानांचा कारभार आज चिंचवड देवस्थान ट्रस्टकडे आहे. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की पवना घाट चढून थेट समाधी मंदिरात शिरते. मग दर्शन बंद, आणि पाणी ओसरलं की गाळ काढायचा. मार्गशीर्षात समाधी उत्सवाला गर्दी लोटते. भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी वाड्यातून निघते आणि मोरयांच्या जुन्या वाटेने मोरगावला जाते.