रोबॉट्स फाइलची तीस वर्षं

2014 च्या सुमारास बेंगळुरूत वेबसाइट बांधणाऱ्या आमच्यासारख्यांच्या कामाची रीत पालटत होती. एफटीपीने एकेक फाइल चढवणं मागे पडलं आणि एकाच कोडमधून स्टेजिंग (चाचणीची) आणि लाइव्ह (लोकांसमोरची) अशा दोन्ही साइट बिल्ड होऊ लागल्या. त्याबरोबर एक जुनी, छोटी फाइल एकदम जोखमीची झाली: रोबॉट्स डॉट टीएक्सटी.

वेबवरची पानं आपोआप वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमने, म्हणजे क्रॉलरने, कुठे शिरू नये हे सांगणाऱ्या या फाइलची कल्पना मार्टाइन कॉस्टर यांनी 1994 मध्ये मांडली. तेव्हा काळजी होती सर्व्हरवर पडणाऱ्या भाराची. बिल्डच्या काळात प्रश्न वेगळा झाला. स्टेजिंगची, सगळी साइट बंद करणारी 'डिसअलाउ: /' ही ओळ लाइव्हवर गेली, की चालती साइट गूगलच्या निकालांतून ओसरू लागते. लाइव्हची मोकळी फाइल स्टेजिंगवर गेली, तर कच्च्या किमती आणि नमुन्याचा मजकूर जगासमोर येतो.

म्हणून ही फाइल हाताने ठेवण्याऐवजी, साइट कुठे जाणार हे पाहून बिल्डनेच लिहावी, ही पद्धत रुळली. नेक्स्ट जेएस या वेब फ्रेमवर्कने एप्रिल 2023 मध्ये 13.3 आवृत्तीत त्याची सोयच दिली.

या प्रवासातला सर्वांत मोलाचा धडा मात्र दुसराच आहे. 'डिसअलाउ' म्हणजे वाचू नका; 'नोइंडेक्स' म्हणजे निकालांत दाखवू नका. वाचायलाच बंदी असलेल्या पानावरचा नोइंडेक्स क्रॉलरला दिसत नाही, आणि बाहेरून कुणी दुवा दिला असेल तर त्या पानाचा पत्ता निकालांत येऊ शकतो. वर्डप्रेसने नोव्हेंबर 2019 मध्ये 5.3 आवृत्तीत साइट लपवण्यासाठी डिसअलाउ सोडून नोइंडेक्स धरला, तो याचमुळे.

सप्टेंबर 2022 मध्ये आरएफसी 9309 आलं आणि अठ्ठावीस वर्षांचा संकेत लेखी मानक झाला. त्यानुसार फाइल सापडली नाही, म्हणजे 404 आलं, तर क्रॉलर सगळी साइट मोकळी धरू शकतो. सर्व्हरच कोसळला असेल तर त्याने सगळी बंद मानायची. म्हणजे बिल्डमध्ये फाइल लिहायची राहिली, तर 404 मिळून स्टेजिंग उघडं पडतं. ऑगस्ट 2023 मध्ये ओपनएआयने आपला जीपीटीबॉट हा क्रॉलर जाहीर केला, तेव्हापासून शोधाला हो आणि एआयच्या प्रशिक्षणाला नाही, असा निर्णयही याच फाइलीत लिहिला जातो.

या फाइलीतले नियम म्हणजे प्रवेशावरचं नियंत्रण नव्हे, असं आरएफसी 9309 हे मानकच बजावतं. म्हणून स्टेजिंगला पासवर्ड हवाच. आणि लाइव्हच्या फाइलीत सगळ्यांसाठी 'डिसअलाउ: /' सापडलं, तर बिल्ड तिथेच थांबलं पाहिजे. ही राखण कुणाच्या आठवणीवर सोडू नये.