नव्या माशावरील पांढरे ठिपके

समजा तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याची माशांची टाकी आहे आणि तिच्यात एक नवा क्लाउन मासा आणून सोडला आहे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा पहिले चार दिवस मजेत पोहतो. पाचव्या दिवशी सकाळी त्याच्या परांवर मिठाच्या कणांएवढे चार-पाच पांढरे ठिपके दिसतात आणि मासा मधूनच दगडाला अंग घासतो. सर्वांना काळजी वाटू लागते, पण दोन-तीन दिवसांत ठिपके आपोआप नाहीसे होतात. मासा बरा झाला असे समजून सगळे निश्चिंत होतात. पुढे आठवड्याभराने पाहावे तर त्याच्या अंगावर पन्नास ठिपके असतात आणि टाकीतल्या जुन्या माशांवरही ठिपके उमटलेले असतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत एकेक मासा मरू लागतो.

खाऱ्या पाण्यातील मासे पाळणाऱ्यांना हा अनुभव नेहमी येतो. ठिपके नाहीसे झाले म्हणजे रोग गेला, ही समजूतच माशाच्या जिवावर बेतते. असे का होते, हे नीट कळले तर उपायही सुचतो आणि त्या उपायाला किती दिवस द्यावे लागतील हेही कळते.

ठिपका म्हणजे काय?

हा ठिपका म्हणजे एक जिवंत प्राणी आहे. त्याचे नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. तो अमीबाप्रमाणे एकपेशीय आहे. मात्र त्याच्या अंगावर बारीक केसांसारख्या पक्ष्माभिका असतात व त्यांच्या हालचालीने तो पोहतो. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ साली या रोगाचे वर्णन केले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यालयात तो आढळल्यावर ब्राऊन यांनी १९५१ साली त्याला आजचे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘क्रिप्टोस’ म्हणजे लपलेले आणि ‘कॅरिऑन’ म्हणजे केंद्रक. जिवंत प्राण्यात केंद्रक सहजी दिसत नाही, म्हणून हे नाव.

गोड्या पाण्यातील माशांनाही पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो. तो करणारा जीव दिसायला आणि वागायला इतका सारखा आहे की दोघे जवळचे नातलग असावेत असे पुष्कळ वर्षे मानले जाई. पुढे जनुकांची तुलना झाली तेव्हा हे नाते फार दूरचे असल्याचे आढळले. हा भेद नुसता पुस्तकी नाही. गोड्या पाण्यात गुण देणारे उपाय खाऱ्या पाण्यात जसेच्या तसे चालत नाहीत.

चार अवस्थांचे जीवन

या परजीवीच्या जीवनात चार अवस्था येतात. पहिल्या अवस्थेत तो माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली किंवा कल्ल्यांत शिरून माशाच्या पेशी व द्रव यांवर पोसतो. तीन ते सात दिवसांत तो सुमारे अर्धा मिलिमीटर होतो. आपल्याला दिसतो तो हाच ठिपका.

पोट भरल्यावर तो माशाला सोडतो. या दुसऱ्या अवस्थेत तो काही तास टाकीच्या तळाशी सरपटत फिरतो. मग वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटून स्वतःभोवती कठीण कोश तयार करतो. ही तिसरी अवस्था. कोशाच्या आत तो पुनःपुन्हा विभागतो आणि एकाचे सुमारे दोनशे जीव होतात. बहुतेक कोश तीन ते अठ्ठावीस दिवसांत फुटतात व आतली पिले पाण्यात पोहू लागतात. ही चौथी अवस्था. या पिलांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. बहुतेक पिले अंधारात, पहाटेच्या सुमारास बाहेर पडतात, असे प्रयोगात दिसले आहे. त्या वेळी बरेच मासे एका जागी स्वस्थ असतात, हे लक्षात घ्या.

आता थोडे गणित करू. माशावर पाच ठिपके होते. ते गळून पडले व त्यांचे पाच कोश झाले. पिले झाली ५ × २०० = १,०००. दर शंभरांतील पाचच पिलांना मासा सापडला असे धरू. तरी पुढच्या फेरीत ठिपके होतील ५०, तिच्या पुढच्या फेरीत ५०० आणि त्यानंतर ५,०००! टाकीचे पाणी सुमारे २५° से. असेल तर एक फेरी साधारण एक-दोन आठवड्यांची असते. म्हणजे ठिपके नाहीसे होतात तेव्हा रोग गेलेला नसतो. तो तळाशी बसून दोनशे पटींनी वाढत असतो.

मग समुद्रातले सगळे मासे या रोगाने का मरत नाहीत? कारण तेथे पाणी अफाट असते आणि मासा दूर निघून गेलेला असतो. शेकडा पाच तर सोडाच, हजारात पाच पिलांनाही मासा मिळणे कठीण. दोनशेपैकी सरासरी एकाच पिलाला मासा मिळाला तर ठिपक्यांची संख्या जेवढ्यास तेवढीच राहते. काचेच्या टाकीत मात्र माशाला पळून जायला जागा नसते. समुद्रात पिंजरे टाकून मासे वाढवणाऱ्यांनाही म्हणूनच हा रोग सतावतो; तेथे हजारो मासे एकाच जागी दाटीने असतात.

ओळखायचे कसे?

प्रत्येक पांढरा ठिपका या रोगाचाच असतो असे नाही. औषध टाकण्यापूर्वी ठिपका ओळखला पाहिजे. त्यासाठी रोज ठरावीक वेळी माशाचे साधे चित्र काढा व ठिपके जेथे असतील तेथे खुणा करा. चार-पाच दिवसांची चित्रे शेजारी ठेवली की पुष्कळ उलगडा होतो.

अंगाला चिकटलेला वाळूचा कण किंवा हवेचा बुडबुडा काही मिनिटांत, फार तर तासाभरात निघून जातो. जाळीने खरचटलेल्या जागी आलेला पांढुरका श्लेष्मा एकाच जागी असतो आणि हळूहळू कमी होतो. परांच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ असेल आणि ती कित्येक आठवडे तेथेच राहिली, तर ती बहुधा लिम्फोसिस्टिस नावाच्या विषाणुरोगाची असते. तिला औषध नाही आणि सहसा धोकाही नाही. आपल्या परजीवीचे ठिपके मात्र सुटे, थोडे उंचावलेले आणि साधारण सारख्या आकाराचे असतात. आज एका जागी दिसणारा ठिपका चार-पाच दिवसांनी तेथे नसतो, दुसऱ्या जागी नवे आलेले असतात.

सर्वांत महत्त्वाचा भेद ‘मखमली रोगा’शी आहे. तो अ‍ॅमिलोओडिनियम नावाच्या दुसऱ्या परजीवीमुळे होतो. स्वयंपाकघरातील उपमा घ्यायची तर आपल्या रोगात माशावर रवा भुरभुरल्यासारखा दिसतो आणि मखमली रोगात बारीक पीठ. मखमली रोगाचा मासा जोरजोराने कल्ले हलवतो, खाणे सोडतो आणि अनेकदा दोन-चार दिवसांतच मरतो. तेथे चित्रे काढत बसायला वेळ नसतो. त्याच दिवशी उपचार करावे लागतात.

ठिपके कल्ल्यांत असले तर बाहेरून दिसतच नाहीत. म्हणून धापा टाकणे, अंग घासणे, पर मिटून घेणे, खाणे कमी करणे यांचीही नोंद ठेवा. पक्की खात्री सूक्ष्मदर्शकाखाली होते. कातडीवरील श्लेष्म्यात गोल, गडद, संथपणे गरगरत फिरणारा जीव दिसला की शंका उरत नाही. मात्र जिवंत माशाच्या अंगाचा श्लेष्मा जाणकारानेच खरवडावा; तुम्ही शेजारी उभे राहून पाहा.

उपाय आणि त्यामागील कारण

आता प्रश्न असा की या जीवाला गाठायचे कुठे? माशावर असताना तो कातडीखाली सुरक्षित असतो. कोशात असताना भिंतीआड असतो. औषध पोहोचते ते मुख्यतः उघड्यावर पोहणाऱ्या पिलांपर्यंत. म्हणून औषध एक दिवस टाकून भागत नाही. शेवटचा कोश फुटेपर्यंत ते पाण्यात असावेच लागते. पुढील तिन्ही उपाय रोगी माशांना वेगळ्या टाकीत ठेवून करायचे आहेत. या टाकीत वाळू व दगड नसावेत, हवेचा पंप असावा. अशा टाकीत अमोनिया लवकर साठतो, म्हणून पाणी वरचेवर तपासून बदलावे.

पहिला उपाय तांब्याचा. दर लिटर पाण्यात ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम विद्राव्य तांबे असेल तर पिले मरतात. ५० लिटर पाण्याला ०.२० या हिशेबाने १० मिलिग्रॅम तांबे लागेल. मोरचुदाच्या स्फटिकांत सुमारे एक-चतुर्थांश तांबे असते, म्हणून शुद्ध मोरचूद ४० मिलिग्रॅम हवे. शाळेच्या तराजूवर एवढे वजन कसे करणार? १ ग्रॅम मोरचूद विरघळवून १ लिटर द्रावण करा. त्यातल्या ४० मिलिलिटरांत बरोबर ४० मिलिग्रॅम येईल. हे एकदम न घालता दोन-तीन दिवसांत विभागून घालावे. खाऱ्या पाण्यात काही तांबे साक्याच्या रूपाने खाली बसते, त्यामुळे हिशेबावर विसंबू नये. तपासणी संचाने रोज मोजावे. प्रमाण कमी पडले तर पिले जगतात आणि वाढले तर मासा मरतो. योग्य प्रमाण किमान चार आठवडे टिकवावे. कोळंबी, गोगलगाई, प्रवाळ यांना तांबे विष आहे, म्हणून मुख्य टाकीत ते कधीही घालू नये.

दुसरा उपाय पाण्याची लवणता कमी करण्याचा. मी पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे हा उपाय मला विशेष आवडतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तात त्याच्या साधारण एक-तृतीयांशच. म्हणून तर्षणाने माशाच्या अंगातले पाणी सतत बाहेर जात असते. मासा समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांतून बाहेर टाकतो. लवणता १५ ग्रॅमपर्यंत उतरवली तर माशाचे हे काम उलट हलके होते. परजीवीची सारी घडण मात्र खाऱ्या पाण्यासाठी झालेली असते. त्याच्या पेशीत बाहेरचे पाणी शिरते, आणि विशेषतः कोशातील जीव या पाण्याने नष्ट होतात. लवणता दोन-तीन दिवसांत उतरवावी, तीन-चार आठवडे तशीच ठेवावी आणि पुन्हा चढवताना आठवडाभर तरी घ्यावा. द्रवघनतामापकाने पाहिले तर विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ वरून १.०११ वर आलेले दिसेल. नळाचे पाणी वापरताना त्यातील क्लोरीन आधी काढावे. या परजीवीचे काही वाण कमी लवणतेतही तग धरतात. ठिपके पुन्हा दिसले तर दुसरा उपाय योजावा.

तिसऱ्या उपायाला औषधच लागत नाही. कोश फुटायला निदान तीन दिवस लागतात. म्हणून दर तीन दिवसांनी मासा नव्या पाण्याच्या स्वच्छ, कोरड्या टाकीत हलवावा. असे चार वेळा करावे. गळून पडलेले कोश मागे राहतात, आणि माशावर परजीवी सात दिवसांपेक्षा फारसा राहत नसल्याने बारा दिवसांत मासा मोकळा होतो. मागे राहिलेली टाकी, जाळी व नळ्या धुऊन खडखडीत वाळवाव्यात. वाळवण्याने कोश मरतात.

इकडे मुख्य टाकीत एकही मासा न ठेवता ती किमान सहा आठवडे चालू ठेवावी. पिलांना मासा मिळाला नाही की ती उपाशी मरतात. प्रयोगशाळेत एखाद्या कोशातून ७२ दिवसांनीही पिले निघाल्याची नोंद आहे, म्हणून सावध लोक अडीच महिने थांबतात.

गोड्या पाण्यात पाण्याचे तापमान वाढवून रोग हटवतात. खाऱ्या पाण्यात तेवढ्याने रोग जात नाही. उलट गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि आधीच धापा टाकणारा मासा गुदमरतो. माशाला काही मिनिटे गोड्या पाण्यात बुडवल्यानेही कातडीखालचा परजीवी मरत नाही.

सर्वांत स्वस्त उपाय अर्थातच रोग येण्यापूर्वीचा. नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा, त्याच्यासोबत पिशवीत आलेले पाणी मुख्य टाकीत ओतू नये आणि दोन्ही टाक्यांसाठी जाळ्या वेगळ्या ठेवाव्यात. रोगी टाकीचे पाणी किंवा नकोसा झालेला मासा खाडीत वा समुद्रात कधीही सोडू नये.

जाता जाता एक उदाहरण सोडवा. ५० लिटरच्या टाकीची लवणता ३५ वरून १५ वर एकदम आणायची तर सुमारे २८.६ लिटर पाणी काढून तेवढेच गोडे पाणी घालावे लागते. हेच काम तीन दिवसांत, रोज सारखे पाणी बदलून केले तर रोज सुमारे १२.३ लिटर, म्हणजे एकूण जवळजवळ ३७ लिटर पाणी लागते. क्षार तर दोन्ही वेळी तेवढेच निघाले, मग जादा आठ लिटर पाणी का लागले? दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी काढलेल्या पाण्यात किती क्षार होते याचा हिशेब करा आणि उत्तर आपल्या शिक्षकांना दाखवा.