शिपायाची गोष्ट किती खरी?

लढाई संपते. शिपाई घरी येतो. ओट्यावर बसून लढाईची हकिगत सांगतो. ऐकणारे आपसांत म्हणतात, "हे सारं खरं असेल का हो?"

लढाईवर पोवाडे आहेत, बखरी आहेत, कादंबऱ्या आहेत. शिपायांची पत्रंही आहेत. या साऱ्याला युद्धसाहित्य म्हणतात. किती तोफा होत्या, किती माणसं पडली, एवढीच मोजदाद म्हणजे युद्धसाहित्य नव्हे. लढाईत माणसानं काय सोसलं, हे ज्यातून कळतं ते युद्धसाहित्य.

एक उदाहरण पाहू. १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटलं. ते १९१८ पर्यंत चाललं. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचं राज्य होतं. आपल्या देशातली १० लाखांहून अधिक माणसं या युद्धासाठी समुद्रापार गेली. काही पलटणी फ्रान्समध्ये होत्या. तिथं चिखलाच्या खंदकांत, कडाक्याच्या थंडीत शिपाई लढले.

तिथून ते घरी पत्रं धाडत. पुष्कळांना लिहिता येत नव्हतं. ते दुसऱ्याकडून लिहवून घेत. त्यात साहेब लोक पत्रं उघडून तपासत. मग मनातलं लिहायचं कसं? कुणी युक्ती काढली. काळी मिरी म्हणजे आपले शिपाई. लाल मिरची म्हणजे गोरे. मिरी किती उरली, ते लिहायचं. त्यावरून घरच्यांनी काय ते ओळखायचं.

आता सांगा, ही मिरीची गोष्ट खोटी की खरी? शब्द वरवरचे, पण दुःख खरं!

शिपायाला सारी लढाई दिसत नाही. त्याच्या खंदकापुढचं तेवढं दिसतं. त्याची तारीख चुकेल, आकडा फुगेल. ऐकीव गोष्ट त्यात मिसळेल. घरच्यांना घोर नको, म्हणून काही तो गाळीलही. तेव्हा तारखा आणि आकडे सरकारी कागदांशी ताडून पाहावे. पण भूक, भीती, सोबत्याचं मरण कसं असतं, ते कागद सांगत नाही. ते शिपायालाच विचारावं लागतं.

त्या पत्रांतले उतारे तपासनिसांनी इंग्रजीत लिहून ठेवले. ते आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत. शिपायांची स्वतःची बोली मात्र त्यांत फारशी उरली नाही.

तुम्हांला आता लिहिता येतं. गावात कुणी जुना शिपाई असेल, तर त्याच्याजवळ बसा. डोळ्यांनी काय पाहिलं आणि कानांनी काय ऐकलं, हे वेगवेगळं विचारा. तो सांगेल तसं, त्याच्याच बोलीत लिहून ठेवा.