तेल आणि पाणी यांचें सख्य

काकडी, मुळा, गाजर, कोबी, टोमॅटो यांसारख्या कच्च्या भाज्यांचे काप करून, त्यांवर दाट, मऊ व आंबटसर असें कांहीं घालून खाण्याची रीत पाश्चात्य देशांत फार रूढ आहे. अशा भाज्यांस सॅलड व त्यांवर घालावयाच्या दाट पदार्थास ड्रेसिंग म्हणतात. आपल्या कोशिंबिरींत दहीं जें काम करितें, तेंच काम तिकडे हें ड्रेसिंग करितें. बाजारांत त्याच्या बाटल्या मिळतात. परंतु तें घरींही करितां येतें, आणि करतां करतां रसायनशास्त्राचा एक सुंदर धडा शिकावयास मिळतो. म्हणून कृति व तिच्यामागील कारण अशीं दोन्ही येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम एक लहानसा प्रयोग करून पाहा. स्वच्छ बाटलींत थोडें पाणी व थोडें गोडें तेल घालून बूच लावा आणि बाटली जोरानें हलवा. क्षणभर सर्व एकजीव झाल्यासारखें दिसेल. पण बाटली खालीं ठेवल्यावर थोड्याच वेळांत तेल वर व पाणी खालीं, असे दोन थर पुनः निराळे होतील. हलविल्यानें तेलाचे बारीक थेंब होतात खरे, परंतु एकमेकांस भेटले कीं ते पुनः एक होतात. त्यांना परस्परांपासून दूर ठेवणारा कोणी मध्यस्थ मिळाला, तरच ते पाण्यांत टिकून राहतात. अशा टिकाऊ मिश्रणास शास्त्रांत ‘पायस’ म्हणतात. नांव खिरीचें असलें तरी अर्थ निराळा आहे, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. दूध हें निसर्गानेंच सिद्ध केलेलें पायस होय. त्यांतील स्निग्धाचे व प्रथिनांचे सूक्ष्म कण प्रकाश चहूंकडे उधळितात, म्हणून तें शुभ्र दिसतें.

अंड्याच्या पिवळ्या बलकांत असा मध्यस्थ विपुल असतो. गोब्ली नांवाच्या फ्रेंच रसायनज्ञानें एकोणिसाव्या शतकांत तो बलकांतून वेगळा काढून त्यास लेसिथिन हें नांव दिलें. बलकास ग्रीक भाषेंत जो शब्द आहे, त्यावरूनच तें घेतलेलें आहे. लेसिथिनच्या रेणूचें एक टोंक तेलाकडे ओढ घेतें, तर दुसरें पाण्याकडे. त्यामुळें तेलाच्या प्रत्येक थेंबाभोंवतीं त्याचें जणूं कवच बनतें व थेंब एकमेकांत मिसळूं शकत नाहींत. बलकांतील प्रथिनें व मोहरीची पूड हींही या कामीं साहाय्य करितात.

याच गुणावर मेयॉनेझ नांवाचें प्रसिद्ध फ्रेंच ड्रेसिंग आधारलेलें आहे. १७५६ सालीं फ्रेंचांनीं मिनॉर्का बेटावरील माहोन बंदर जिंकिलें, त्यावरून हें नांव पडलें, अशी कथा सांगतात. एका बलकांत चिमूटभर मीठ, अर्धा चमचा मोहरीची पूड व एक चमचा लिंबाचा रस घालून घोटावा. मग सुमारें १५० मिलिलिटर तेल, आरंभीं अगदीं थेंब थेंब, घालीत व सतत घोटीत जावें. मिश्रण दाट होऊं लागलें म्हणजे बारीक धार धरण्यास हरकत नाहीं. तेल एकदम ओतल्यास त्याचे थेंब पुरेसे बारीक होत नाहींत आणि मिश्रण फाटतें. फाटलें तरी तें फेंकूं नये. दुसऱ्या भांड्यांत नवा बलक घेऊन, त्यांत तें फाटलेलें मिश्रण थेंबाथेंबानें घालीत घोटलें असतां तें पुनः जुळून येतें.

परंतु येथें एक गोष्ट पालकांनीं अवश्य लक्षांत घ्यावी. मेयॉनेझमधील अंडें कच्चेंच राहतें, आणि कच्च्या अंड्यांत सॅल्मोनेला नांवाचे जंतू असण्याचा संभव असतो. कवच स्वच्छ व अभंग दिसलें म्हणजे आंत जंतू नाहींत, असें समजूं नये. त्यांच्यामुळें ताप, पोटांत कळा व जुलाब होतात. लहान मुलें, वृद्ध व गर्भवती स्त्रिया यांना तें दुखणें विशेष घातक ठरूं शकतें. लिंबाच्या थोड्याशा रसावर भिस्त ठेवणें बरें नव्हे. म्हणून जंतुनाशार्थ आधींच उष्णता दिलेलीं अंडीं मिळत नसतील, तर घरीं मेयॉनेझऐवजीं पुढील शिजविलेलें ड्रेसिंग करावें, अशी आमची शिफारस आहे.

दोन बलक, एक मोठा चमचा मैदा, एक लहान चमचा मोहरीची पूड, एक लहान चमचा मीठ, एक मोठा चमचा साखर, पाऊण कप दूध, पाव कप सिरका व एक मोठा चमचा लोणी, एवढें साहित्य घ्यावें. चमचे सपाट भरावे, शिगोशीग नव्हेत. अमेरिकेंतील फॅनी फार्मर या पाककलानिपुण बाईंनीं आपल्या १८९६ सालच्या ग्रंथांत सपाट मापाचा आग्रह धरिला, आणि तो योग्यच आहे. कारण मैदा अंमळ जास्त झाला तरी ड्रेसिंगची खळ होते. कोरडे जिन्नस एकत्र करून त्यांत बलक व थोडें थोडें दूध गुठळी न होऊं देतां मिसळावें. पातेल्यांत पाणी उकळत ठेवून त्यावर हें भांडें ठेवावें व सारखें ढवळावें. प्रत्यक्ष विस्तवावर ठेवल्यास बलकाच्या गांठी होतात; वाफेची आंच मात्र सर्वत्र सारखी लागते. मिश्रण दाट होऊन चमच्याच्या पाठीस चिकटूं लागलें कीं सिरका हळूहळू घालावा, आणखी दोन मिनिटें शिजवून उतरावें व लोणी मिसळावें. जवळ उष्णतामापक असल्यास पारा ७१ अंश सेंटिग्रेडच्या वर गेल्याची खात्री करून घ्यावी. थंड झाल्यावर झांकून शीतपेटींत ठेवावें व दोन-तीन दिवसांत संपवावें.

ज्या घरीं अंडें वर्ज्य आहे, तेथेंही अडत नाहीं. ताजें दहीं स्वच्छ फडक्यांत तीन-चार तास टांगून चक्का करावा. एक कप चक्क्यांत मीठ, मिरपूड, अर्धा चमचा मोहरीची पूड व लिंबाचा रस घालून, एक मोठा चमचा तेल थेंबाथेंबानें घोटावें. येथें मध्यस्थी करितात तीं दुधांतील प्रथिनें.

शेवटीं वाढण्याविषयीं दोन शब्द. भाज्या वाहत्या पाण्यांत नीट धुवाव्या, पण नंतर पुसून कोरड्या कराव्या. ओल्या पानांवर ड्रेसिंग ठरत नाहीं. मीठ भाजींतील पाणी बाहेर ओढितें, म्हणून अगोदर कालवून ठेविलेली कोशिंबीर जशी पातळ होते, तशीच सॅलडचीही गति होते. तेव्हां पानें वाढल्यावरच ड्रेसिंग घालावें. नुसती कृति पाठ असणारा मिश्रण फाटलें कीं गोंधळतो. कारण जाणणारा दुसरें भांडें घेतो आणि पहिल्या थेंबापासून पुनः आरंभ करितो.