बालक प्रेक्षक केव्हा होणार?

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुत्यास मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी माळशिरसच्या वाटेवर पुरंदवडे येथे गोल रिंगण होते. बापाच्या खांद्यावर बसलेले चार वर्षांचे पोर तेथे काय पाहते? मधली मोकळी जागा, भोवती माणसांचे कडे, टाळमृदंगांचा गजर आणि त्या वर्तुळातून वाऱ्यासारखा धावणारा, स्वार नसलेला अश्व. त्याला भक्तीचा अर्थ कोणी समजावून दिलेला नसतो. तरी ते श्वास रोखून पाहते आणि पुढे कित्येक दिवस अंगणात स्वतःच घोडा होऊन धावते. रिंगण काही मुलांसाठी योजलेले नाही. ते उपासनेचे अंग आहे. परंतु डोळ्यांसमोर, जिवंत माणसांच्या सान्निध्यात घडणारे दृश्य बालमनाला काय देऊ शकते, याची खूण तेथे पटते. असा अनुभव वर्षातून एकदा, तोही मोठ्यांच्या गर्दीतून डोकावूनच मुलांच्या वाट्यास यावा काय?

यावर कोणी म्हणेल, शाळाशाळांतून स्नेहसंमेलने होतातच की! होतात, पण तेथे प्रेक्षक कोण असतो? काही वर्षांपूर्वी अशाच एका संमेलनात फुलपाखराचे पंख बांधलेली एक चिमुरडी मी पाहिली. कर्ण्याच्या कर्कश आवाजाने भेदरून ती रडू लागली, आणि समोरचे पालक मोबाइल उंचावून तिचे चित्रण करीत राहिले. मुलांनी नाचायचे आणि मोठ्यांनी पाहायचे, हा आपला रिवाज झाला आहे. मुलांनी जरूर नाचावे. मात्र त्यांना समोर बसवून, जाणत्या कलावंतांनी केवळ त्यांच्यासाठी काही सादर करावे, हे आपल्या ध्यानीच येत नाही.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर'ची स्थापना करून रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले. मतकरींनी पुढे १९६२ मध्ये 'बालनाट्य' ही संस्था काढली. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या'तील चेटकीण दिलीप प्रभावळकरांसारख्या समर्थ नटाने रंगवली. मुलांसाठी आहे म्हणून काम कसेही उरकावे, ही वृत्ती त्यात नव्हती. १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीचा विचार पुण्यात रुजला. त्यात प्रौढ नट मुलांच्या भूमिका करतात आणि कथा परीराक्षसांची नसून घराची, शाळेची असते. पण हे वैभव मुख्यतः मुंबई-पुण्याचे राहिले. ते आमच्या गावापर्यंत का पोहोचले नाही?

सर्कशीचा इतिहासही आपलाच आहे. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस' उभारली. मात्र या परंपरेला एक काळी बाजू होती. तंबूतील कित्येक कसरती करणारी मुले बाकांवरील मुलांच्याच वयाची असत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सर्कशीत मुलांना राबविण्यास बंदी झाली, हे योग्यच झाले. डोंबाऱ्याच्या दोरावरची पोर आठवून हळहळणाऱ्यांनीही हे विसरू नये की, तिची खरी जागा दोरावर नव्हती; ती प्रेक्षकांत होती.

आता गावापर्यंत न पोहोचण्याचे कारण पाहू. ते रसिकतेचा अभाव हे नसून अर्थशास्त्रातले आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये त्याची मीमांसा केली. सोलापुरात हातमागाच्या जागी यंत्रमाग आला, तेव्हा एका विणकराच्या हातून निघणारे कापड अनेक पटींनी वाढले. नाटकाचे तसे होत नाही. पाच पात्रांच्या अर्ध्या तासाच्या नाटकाला पूर्वी पाच माणसे व अर्धा तास लागे. आजही तेवढेच लागते. इतरत्र मजुरी वाढली की कलावंताचे मानधनही वाढवावे लागते, पण त्याचे 'उत्पादन' वाढत नाही. बालरंगभूमीची अडचण याहून मोठी. चार-पाच वर्षांच्या मुलांना हजारांच्या सभागृहात बसवून भागत नाही. त्यांना नटाचा चेहरा जवळून दिसावा लागतो. समजा, एका प्रयोगास आठ हजार रुपये खर्च आला आणि जागा शंभरच ठेवल्या, तर तिकीट ऐंशी रुपयांचे होईल. दोन मुले घेऊन येणाऱ्या शेतमजूर बाईस दोनशे चाळीस रुपये मोजावे लागतील. ती येणार नाही, आणि ती येत नाही म्हणून संचही येणार नाही. उलट मोबाइलवरचे चित्र जवळजवळ फुकट मिळते. पण ते चित्र मुलाकडे पाहत नाही. मूल घाबरले तर ते थबकत नाही, हसले तर त्यात सामील होत नाही. जिवंत नट हे सारे करतो. किंमत मोजायची ती यासाठी.

प्राथमिक शाळा आपण बाजारावर सोपवली नाही. लहान मुलांची रंगभूमीही त्याच न्यायाने सार्वजनिक खर्चाचा विषय मानली पाहिजे. हा खर्च अवाढव्य नाही. नाट्यगृह बांधण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अंगणवाडीचा व्हरांडा आणि एक सतरंजी पुरेशी आहे. दिवसाउजेडी, ध्वनिक्षेपकाशिवाय, अर्ध्या तासाचा खेळ असावा. कंटाळलेल्या मुलास उठून जाण्याची मोकळीक असावी. महाविद्यालयातील नाट्यवेडे विद्यार्थी, मल्लखांब जाणणारा एखादा क्रीडाशिक्षक, आमच्या भागातील गजी नृत्य करणारे धनगर बांधव यांतून एक संच उभा राहू शकेल. नगरपंचायतीने आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी आपल्या अंदाजपत्रकात त्याच्या मानधनाची तरतूद करावी. मानधनाचा आग्रह मी मुद्दाम धरतो. हौसेवर चाललेली गोष्ट परीक्षा जवळ आल्या की बंद पडते, हा माझा वर्गातील अनुभव आहे.

पाण्याचा, रोजगाराचा प्रश्न असताना हे कशाला, असे विचारले जाईल. त्या प्रश्नांचे महत्त्व अर्थशास्त्राच्या शिक्षकाला कोणी सांगावयास नको. परंतु ते सुटेपर्यंत आजचे चार वर्षांचे मूल चार वर्षांचेच राहणार नाही. रस्ता पुढच्या वर्षी करता येतो. बालपण पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. पुढच्या आषाढीपूर्वी आमच्या गावातील एका तरी अंगणवाडीत मुले पुढे बसली आहेत, मोठी माणसे मागे उभी आहेत आणि खेळ चालला आहे तो मुलांसाठी, एवढे दिसले तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.