उन्हाळी सुट्टीतलं जेवण: १ मे ते १५ जून

आजचा विषय जबलपूरचा आहे, पण ऐकणारे तुम्ही नागपूरला असा, बेळगावला असा नाहीतर इंदूरला, तुमच्या गावात तो असणारच. शाळेला सुट्टी लागली की शाळेतलं जेवणही बंद होतं. मग ज्या मुलांचं दिवसातलं भरवशाचं जेवण तेच होतं, त्यांनी त्या दीड महिन्यात काय करायचं? आणि चार-सहा जणांनी मिळून आपल्या शेजारच्या वस्तीत याची सोय करायची म्हटलं, तर ती कशी करायची? भाषण देण्यापेक्षा मी आज हिशेबच मांडणार आहे.

आधी कायदा बघू, कारण सगळी गोम तिथे आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३चा. त्याच्या कलम ५ मध्ये मुलांचे दोन गट आहेत. सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलांना अंगणवाडीतून आहार मिळतो. सहा ते चौदा वर्षांच्या, म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत रोज एक वेळचं मोफत जेवण मिळतं, पण 'शाळेच्या सुट्या वगळून'. हे तीन शब्द कायद्यातच आहेत. अंगणवाडीचा आहार वर्षाला ३०० दिवसांचा धरलेला आहे, त्यामुळे मे महिन्यातही तो चालू राहतो. शाळेचं तसं नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस शाळा आणि सहावी ते आठवी २२०. म्हणजे पोषण आहारही साधारण तेवढेच दिवस.

आता हे एका घरात कसं दिसतं बघा. चार वर्षांची धाकटी अंगणवाडीत जाऊन खाऊन येते. तिला सोडायला गेलेली आठ वर्षांची थोरली उंबऱ्याबाहेर उभी राहते. कालपर्यंत शाळेत तिचंही ताट होतं. ३० एप्रिलला ती जेवली होती आणि १ मेला तिचं ताट गेलं. भूक कमी झाली म्हणून नाही, कॅलेंडरचं पान उलटलं म्हणून. मध्य प्रदेशात गेली काही वर्षं मुलांची सुट्टी साधारण १ मे ते १५ जून असते, म्हणजे ४६ दिवस. दोन मुलांच्या घरात रविवार सोडले तरी पाऊणशेहून जास्त ताटं घरच्या चुलीवर येऊन पडतात. ज्या घरात आई हजार विड्यांच्या हिशेबाने विड्या वळते आणि बापाचं बांधकामावरचं काम उन्हामुळे अर्ध्या दिवसावर आलेलं असतं, तिथे ही पाऊणशे ताटं म्हणजे थट्टा नव्हे.

सरकारला हे ठाऊक नाही असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी सांगितलं होतं की दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यावं. स्वराज अभियानाच्या याचिकेवर १३ मे २०१६ रोजी तेच पुन्हा सांगितलं. त्या खटल्यात मध्य प्रदेशही होता आणि महाराष्ट्रही. पण तारीख बघा, १३ मे! तोवर शाळा बंद, शिक्षक गावी, मुलं पांगलेली. सुट्टीतलं जेवण हे मार्चमध्ये ठरवायचं काम आहे. पुढे २०२० मध्ये कोविडच्या काळात केंद्राने खास बाब म्हणून उन्हाळी सुट्टीतही आहार किंवा त्याचा भत्ता द्यायला मान्यता दिली. तेव्हा हे अशक्य नाही, फक्त संकट जाहीर झाल्याशिवाय होत नाही. आणि ज्याचं संकट दर मे महिन्याला येतं, त्याचं कोण जाहीर करणार? आपल्याकडच्या जुन्या माणसांना १९७२च्या दुष्काळातली सुकडी अजून आठवते. तीही दुष्काळ जाहीर झाल्यावरच आली होती.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशालाही हा प्रश्न चुकलेला नाही. तिथे १९६८ पासून सुट्टीतल्या जेवणाचा सरकारी कार्यक्रम आहे. गरीब वस्तीतल्या बागेत, वाचनालयात, चर्चमध्ये जेवणाचं केंद्र उघडतं. येईल त्या मुलाला ताट, नाव-उत्पन्न काही विचारत नाहीत. अडचण एवढीच की मुलाने तिथपर्यंत पोहोचायला हवं आणि तिथेच बसून खायला हवं. खेड्यापाड्यांत ते जमेना, म्हणून २०२३ पासून ग्रामीण भागात डबा घरी न्यायची मुभा दिली. यातून एक गोष्ट आपल्याला घेता येते: जागा मुलाच्या पायाच्या अंतरावर हवी. वस्तीतून मोठा रस्ता ओलांडून यावं लागत असेल, तर सहा वर्षांचं मूल एकटं येणार नाही आणि आई कामावर गेलेली असते. मोठं चकचकीत सभागृह नको, वस्तीतला समाजमंदिराचा ओटा बरा.

आता हिशेब. समजा साठ मुलं, त्यातली चाळीस पाचवीपर्यंतची आणि वीस सहावी ते आठवीची. सरकारी प्रमाण आहे: लहान मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, मोठ्याला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. लहान मुलाच्या ताटात यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं यायला हवीत. हे आकडे हवेतले नाहीत. शंभर ग्रॅम तांदळातून सात-एक ग्रॅम प्रथिनं येतात, वीस ग्रॅम डाळीतून साडेचार-पाच. झाली बारा. म्हणजे डाळीला हात आखडलात की सगळं गणित बिघडतं. पातळ वरण पातेल्यात मोठं दिसतं, ताटात काही उरत नाही.

साठ मुलांना रोज सात किलो तांदूळ, एक किलो चारशे ग्रॅम डाळ, साडेतीन किलो भाजी आणि साडेतीनशे ग्रॅम तेल लागतं. ४६ दिवसांचे ३२२ किलो तांदूळ, ६४ किलो डाळ, १६१ किलो भाजी, १६ किलोच्या थोडं वर तेल. तुमच्या बाजारातले भाव घाला आणि एकूण काढा. तांदूळ, डाळ एकदम घ्या, भाजी रोजची. सरकारचा आकडा बघून मात्र फसू नका. १ मे २०२५ पासून लहान मुलामागे दिवसाला ६.७८ रुपये आणि मोठ्यामागे १०.१७ रुपये धरले आहेत, पण तो फक्त डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधनाचा खर्च. धान्य त्यांना फुकट मिळतं, तुम्हाला नाही. आणि सिलिंडर १९ किलोचं व्यावसायिक घ्या. घरगुती सिलिंडर अशा कामाला चालत नाही.

स्वयंपाक कोण करणार? इथे लोक उत्साहाने म्हणतात, 'आमच्या महिला मंडळाच्या बायका आळीपाळीने करतील.' पहिला आठवडा करतात. नवतपा सुरू झाला, जबलपूरचा पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला, घरात लग्न निघालं, की आळी राहते आणि पाळी चुकते. मला विचाराल तर शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच गाठा. केंद्राच्या नियमात तिचं मानधन महिना हजार रुपये आहे, राज्यं त्यात आपली भर घालतात, पण ते हजार धरले आहेत वर्षाच्या दहा महिन्यांसाठी. शाळेची सुट्टी ही तिच्याही कमाईची सुट्टी असते. तिला साठ मुलांचा अंदाज हाताने येतो, कुठलं पोर काय टाकतं हे माहीत असतं आणि ती बहुतेक त्याच वस्तीत राहते. सरकारी नियमात २६ ते १०० मुलांमागे दोन बायका आहेत. तुम्हीही दोन ठेवा आणि पूर्ण दीड महिन्याचे पैसे द्या. ज्या कार्यक्रमात स्वयंपाकीण सोडून सगळ्यांचा सत्कार होतो, तो पुढच्या वर्षी होत नाही.

शाळेचीच चूल आणि भांडी मिळाली तर उत्तम. त्यासाठी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीशी आधी बोला. मध्य प्रदेशात ही योजना पंचायत व ग्रामीण विकास विभागाकडे आहे, त्यामुळे अर्जाची एक प्रत जिल्हा पंचायतीतही द्या. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ खाली नोंदणीही करून घ्या. लहान प्रमाणात अन्न वाटणाऱ्यालाही ती लागते.

वेळेबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण उन्हाळ्यात सगळं वेळेवर अवलंबून आहे. एक वाजता जेवण ठेवू नका. भर उन्हात अनवाणी मूल येणार कसं? चूल पहाटे साडेपाचला, ताट साडेआठ-नऊला, दहापर्यंत भांडी घासून झालेली. असं केलं तर अन्नही सुरक्षित राहतं. शिजवलेला भात गार होऊन उन्हाळ्यात पडून राहिला की त्यात जंतू वाढतात, आणि काही जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून चाळीस अंशांत शिजल्यापासून तासाभरात वाढायचं, नाहीतर वाफाळतं ठेवायचं. उरलेलं संध्याकाळी वाटायचं नाही. चव मोठ्या माणसाने आधी बघायची, हा नियम सरकारी शाळांतही आहे, आणि तो कसा महत्त्वाचा आहे हे बिहारने दाखवलं. १६ जुलै २०१३ रोजी सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतल्या जेवणातून विषबाधा होऊन २३ मुलं गेली; तेलात कीटकनाशक मिसळलेलं होतं. तेलाचा डबा सीलबंद घ्या, स्वयंपाकाच्या जागी दुसरा कुठलाही डबा, बाटली, फवारणीचं औषध ठेवू देऊ नका. पिण्याचं पाणी झाकलेल्या माठात, ओगराळ्याने काढायचं. हात धुवायला साबण आणि कुणीतरी उभं राहणारं मोठं माणूस.

ताटात काय? खिचडी सोपी, पण रोज खिचडी दिलीत तर दहाव्या दिवशी मुलं कमी होतात. एक दिवस वरणभात आणि दुधीची भाजी, एक दिवस छोल्यांची उसळ, एक दिवस भोपळा घातलेली खिचडी. महाकोशलात उन्हाळ्यात सत्तू घरोघर असतो; भाजलेल्या हरभऱ्याचं ते पीठ गूळ-पाण्यात कालवून दिलं की शंभर ग्रॅममागे वीस-एक ग्रॅम प्रथिनं आणि चूलही पेटवावी लागत नाही. सिलिंडर संपला त्या दिवशी हेच कामाला येतं. अंड्याबद्दल आमच्या राज्यात फार वाद झाले. त्यात न पडता मी एवढंच म्हणेन की आईबापांना विचारा, ज्यांना चालतं त्यांच्या मुलांना द्या, बाकीच्यांना उकडलेले हरभरे किंवा दाणे. अंड्याऐवजी केळं देऊन प्रथिनांचा प्रश्न सुटला असं मात्र समजू नका.

वाढदिवसाच्या देणगीदारांबद्दल एक शब्द. जबलपुरात भंडाऱ्यांची कमी नाही. हनुमान जयंती, नर्मदा जयंती, पुरी, बटाट्याची भाजी, बुंदी. वस्तीतल्या पोरांना त्याचं वेळापत्रक तोंडपाठ असतं. चांगलंच आहे ते. पण भंडारा एक दिवसाचा, आणि आपलं काम उद्याही ताट मिळेल ही खात्री देण्याचं. कुणी नातवाच्या वाढदिवसाला जिलबी वाटायची म्हणाला, तर त्याला विनंती करा की एका आठवड्याची डाळ द्या. बहुतेक लोक ऐकतात. आणि वाढताना फोटो नको. आठवीतल्या मुलीला आपण फुकट जेवतो हे मोबाइलवर फिरलेलं आवडत नाही, ती दुसऱ्या दिवशी येत नाही.

यादी ठेवा, पण आधार कार्ड, रेशन कार्ड मागू नका. नाव, वय, शाळा, इयत्ता बस. साठ म्हटलंत तरी दहा धाकटी भावंडं बरोबर येणारच, ती मुळात हिशेबात धरा. त्यातलं एखादं फारच रोड दिसलं तर अंगणवाडी ताईच्या कानावर घाला, तिच्याकडे वजनाची आणि पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवण्याची सोय असते. मे महिन्यात काही कुटुंबं मंडला, डिंडोरीकडे आपल्या गावी तेंदूपत्ता तोडायला जातात, संख्या चाळीसवर येते. तेव्हा 'प्रतिसाद नाही' म्हणून बंद करू नका. उरलेल्या चाळीस जणांना दुसरं ठिकाण नाही. फक्त सात किलोऐवजी पावणेपाच किलो तांदूळ भिजवा.

कोरडा शिधा घरी द्यावा का, हा प्रश्न मला नेहमी येतो. शिधा कुटुंबाला उपयोगी पडतो, त्यात शंका नाही. पण तो घरच्या मोठ्या पातेल्यात जातो, आणि त्यातलं मुलाच्या वाट्याला किती, मुलीच्या वाट्याला किती, हे आपल्या हातात राहत नाही. पंगतीत बसलेल्या मुलीच्या ताटात तिची डाळ तिलाच मिळते. भावंड सांभाळायला घरी राहणारी मुलगी येत नसेल तर भावंडासकट बोलवा.

१५ जूनला शेवटची पंगत. शिल्लक डाळ-तांदूळ मोजून वहीत लिहा आणि शाळेला देऊन पावती घ्या. दुसऱ्या दिवशी शाळा उघडेल, तेव्हा तीच यादी घेऊन मुख्याध्यापकांकडे जा आणि साठांपैकी किती मुलं वर्गात आली ते बघा. जी आली नसतील त्यांची घरं तुम्हाला आता माहीत आहेत.